लांबून सपाट

“सदरा काढा,” डॉ. मृणाल तांबे म्हणाल्या. सुहास पोतनीसने वरचं एक बटण काढलं आणि बायकोकडे पाहिलं.

प्रतिभा लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली. नवरा सदरा काढत असताना आपण दुसरीकडे बघायचं, हा त्या घरातला न बोललेला करार होता आणि प्रतिभा करार पाळणारी बाई होती. मोडायचाच झाला तर आधी नोटीस देऊन मोडणारी.

सदरा उज्जैनजवळच्या भैरवगढच्या छापाचा होता. सुहासचे सगळेच सदरे त्या छापाचे. गडद लाल, निळे, काळे, आणि त्यांवर वेली, मोर, हत्ती यांची एवढी गर्दी की आतला माणूस शोधावा लागे. वीज कंपनीच्या ऑफिसात तो वाढीव बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसे. तिथे त्याला हातछपाईचा मोठा कदरदान समजत. एका वर्षी छपाईवाल्या कारागिरांनी शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कारसुद्धा केला होता. उत्तरादाखल सुहास स्थानिक कलेबद्दल बरंच काही बोलला. खरी गोष्ट एवढीच होती की पांढऱ्या कापडाखाली छातीचा जो उठाव दिसतो तो मोरा-हत्तींच्या गर्दीत हरवतो. कलेचाही फायदा झाला आणि सुहासचाही. दोन्ही बाजूंना नफा व्हावा असे व्यवहार जगात थोडे.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू चाचपल्या, हात डोक्यावर घ्यायला लावले, चिमटीत धरून पाहिलं, मग तपासण्यांचे कागद चाळले. हार्मोन ठीक, लिव्हर ठीक, बाकीचंही ठीक.

“मग हे कशानं?” प्रतिभाने कॅलेंडरकडे बघतच विचारलं.

वयात येताना पुष्कळ मुलांच्या छातीत अशी गाठ येते आणि जाते, तुमच्या मिस्टरांची राहिली, बाई म्हणाल्या. सुहासला जरा वाईटच वाटलं. ज्याला तो इतकी वर्षं आपल्यावरचा मोठा अन्याय समजत आला होता, त्याची बाईंनी एका वाक्यात वासलात लावली होती.

मग बाईंनी रस्ते सांगितले. पहिला, काखेजवळ बारीक भोक पाडून नळीने चरबी ओढून घ्यायची. टाके नावापुरते, महिन्या-दीड महिन्यात माणूस पहिल्यासारखा कामाला लागतो. दुसरा, चरबी तर काढायचीच, शिवाय स्तनाग्राभोवतीच्या गडद कातडीच्या कडेने अर्धचंद्रासारखा छेद घेऊन आतली गाठही बाहेर काढायची. व्रण राहतो, पण कडेत मिसळून जातो. काही दिवस तिथली जाणीव बोथट होऊ शकते. दीड महिना घट्ट पट्ट्याचं जाकीट घालायचं. तिसरा रस्ता कातडी लोंबत असेल त्यांचा, तो तुमचा नाही. “आणि काहीच केलं नाही तरी चालतं,” बाई म्हणाल्या. “हा आजार नाही. तुम्हाला करायचं का आहे, ते आधी सांगा.”

सुहासने सांगितलं ते फक्त एवढंच, की नागपंचमीला मल्लखांबावर चढायचंय.

बाई इंदूरच्या, त्यामुळे मल्लखांब म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. पण नागपंचमीच का, ते सांगावं लागलं.

उज्जैनला क्षीरसागर तलावाच्या मागे मराठी लोकांची जुनी व्यायामशाळा आहे. तिथले वस्ताद गोपाळकाका आता थकले होते. त्यांच्या जागी सुहासने बसावं असं त्यांना वाटे, आणि त्यात नवल नव्हतं. व्यायामशाळेतली मुलं स्पर्धांतून जी बक्षिसं आणत होती ती सगळी सुहासच्या हाताखाली तयार झालेली होती. मात्र सुहास शिकवायचा तो खाली उभा राहून. कुठला अंगठा कुठे दाबायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं खालून. पोरं पाठीमागे त्याला ‘ग्राउंड फ्लोअर’ म्हणत. त्याला वर गेलेलं त्यांतल्या कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही कारण होतं. शाळकरी वयात तो या खांबावरचा सगळ्यात चपळ मुलगा होता. एका प्रदर्शनात तो उघड्या अंगाने वर असताना गर्दीतून कुणीतरी “अरे, ये तो सुहासिनी है” असं ओरडलं, लोक हसले, आणि सुहास खाली उतरला तो लोकांच्या देखत पुन्हा चढला नाही.

पण वस्तादकीचा रिवाज पक्का होता. नवा वस्ताद नागपंचमीच्या दिवशी, पूजेनंतर, सगळ्यांच्या आधी सलामी देतो. अंगावर फक्त लंगोट. खांबाला एरंडेल लावलेलं असतं आणि कापड एरंडेलावर घसरतं, म्हणून छाती लाकडालाच भिडवावी लागते. ज्याने सलामी दिली तो वस्ताद. बाकी ठराव, मतदान वगैरे काही नसतं.

“तुम्ही चढू शकता का पण?” बाईंनी विचारलं.

सुहासने मान डोलावली. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तो व्यायामशाळेत जायचा, आतून कडी लावायचा आणि चढायचा. हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती. गोपाळकाकांनी ती अक्षय्यतृतीयेला दूर केली होती. “दुपारी कडी लावून तू काय करून राहतोस ते मला एरंडेलाची बाटली सांगते,” ते म्हणाले होते. “आता कडी काढ.”

बाईंनी बोटांवर हिशेब केला. पहिल्या रस्त्याने गेलात तर नागपंचमीपर्यंत खांबावर जाता येईल. दुसऱ्याने नाही. आतली जागा भरून यायला हवी, कातडी खालच्या स्नायूला चिकटायला हवी, आणि तुम्ही तर नेमकी तीच जागा लाकडावर घासणार. तीन महिने खांबाचं नाव काढायचं नाही.

“मग पहिलंच करू,” सुहास म्हणाला.

“करीन मी. पण नंतर माझ्याशी भांडायला यायचं नाही, म्हणून आत्ताच सांगते. तुम्ही व्यायामाचे, तुमच्यात चरबी फारशी नाहीच. आहे ती गाठ आहे. भोवतालची चरबी गेली की ती जास्त उठून दिसेल. लांबून सपाट, जवळून गाठ.”

“लांबून सपाट ना? मग झालं.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. विचार करून कळवा, म्हणाल्या.

उज्जैनला परतणाऱ्या बसमध्ये सांवेर येईपर्यंत प्रतिभाने धीर धरला. प्रतिभा एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. चुकलेलं गणित समोर दिसत असताना गप्प बसण्याची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते गप्प बसणं तिला जड जात होतं.

“नंतर पुन्हा करावं लागलं तर?” शेवटी ती म्हणाली.

तेव्हाचं तेव्हा, सुहासने उत्तर दिलं. लोक अंगणात उभे राहणार, खांब मधोमध, मध्ये चांगलं अंतर. कुणी भिंग घेऊन येणार नाही. लोक लांबूनच बघतात.

“आणि मी?” प्रतिभा म्हणाली.

सुहासने मान वळवली. तो खिडकीबाहेर सोयाबीनसाठी नांगरून ठेवलेली रानं पाहत राहिला. देवास गेटच्या बसस्टँडवर उतरल्यावर दोघांनी कचोरी खाल्ली. त्या घरात पेचप्रसंगाचा शेवट बहुधा कचोरीने व्हायचा, सुटलेला असो वा नसो.

घरी अक्काला, म्हणजे आईला, सांगणं भाग होतं, कारण सुहासने होकार कळवल्यावर दवाखान्यातून आलेला फोन तिनेच घेतला होता. अक्काच्या मते मुलाला झालेलं काही नव्हतंच. लहानपणी दूध-तूप चांगलं लागलं, त्याचं ते बाळसं. इतक्या वर्षांत तिने त्या बाळशाला नावं ठेवू दिली नव्हती आणि त्याबद्दल बोलूही दिलं नव्हतं. दवाखान्यातल्या मुलीने चुकून दुसऱ्या रस्त्याच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि ती नेमकी नागपंचमीची.

“त्या दिवशी आपण भाजीसुद्धा चिरत नाही,” अक्का म्हणाली. “घरात विळी निघत नाही. आणि हा छाती चिरून घेणार. पोतनिसांच्या घरात आता हेच बघायचं राहिलं होतं.”

तारीख चुकीची आहे, आणि आपण चिरायचं नाही, नळी घालायचं करणार आहोत, असं सुहासने समजावलं. नळीला नागाची हरकत नसावी, असं अक्काने जरा विचार करून मान्य केलं.

पहिल्या रस्त्याची नवी तारीख पुढच्या सोमवारची मिळाली. ऑफिसात सुहासने नागपूरला लग्न असल्याचं सांगून रजा टाकली. आता हे सगळं सरळ पार पडलं असतं, पण मध्ये हर्षल आला.

हर्षल मुळ्येबद्दल थोडं सांगायला हवं. जमेच्या बाजूला पुष्कळ होतं: वय, उंची, जिममध्ये कमावलेलं पाटीसारखं अंग आणि कुठेही सदरा काढण्याची तयारी. त्याचे मल्लखांबाचे व्हिडिओ मोबाइलवर हजारो लोक बघत. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती, की त्याला कुणी बघत नसलं तर त्याचा व्यायाम व्हायचा नाही. सुहासने सलामी दिली नाही तर वस्तादकी हर्षलकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हर्षलला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तसा तो वाईट मुलगा नव्हता. सुहासला वाकून नमस्कार करायचा. फक्त वाकताना आरशात बघायचा.

शनिवारी संध्याकाळी तो वर चढला, टोकावर जाऊन हात पसरून उलटा लटकला, आणि खाली लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुहासने टाळ्या थांबायची वाट पाहिली.

“खाली ये. घोटा सुटा होता तुझा.”

“पडलो तर नाही ना दादा.”

“पडला नाहीस कारण तुझी कंबर चांगली आहे. पकड बंद नव्हती. पकड नसताना जे दिसतं ते नुसतं चित्र असतं. पुन्हा कर.”

हर्षल खाली उतरला, तळहाताचं तेल मांडीला पुसलं आणि हसला. त्यात उर्मटपणा नव्हता, समजूत घातल्यासारखं होतं.

“दादा, घोटा कोण बघून राहिलं? लोक लांबूनच बघतात.”

सुहास काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. पण ते वाक्य त्याने चार दिवसांपूर्वी सांवेरच्या रस्त्यावर बायकोला ऐकवलं होतं, जसंच्या तसं. तेव्हा ते त्याला शहाणपणाचं वाटलं होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून, खांबापाशी उभं राहून ऐकताना त्याला त्या वाक्याची लाज वाटली.

तो व्यायामशाळेच्या ओट्यावर जाऊन बसला. मुलं आपली आपण चढत-उतरत राहिली. लांबून बघण्यात त्याचा जन्म चालला होता. महाकालाच्या गाभाऱ्यात जाऊ देत होते तेव्हा पुरुषांना नुसत्या सोवळ्याने जावं लागे, म्हणून त्याने गावातला देव कठड्याबाहेरून पाहिला. क्षिप्रेत सदरा घालून बुडी मारली. लग्नाच्या बायकोला कॅलेंडर बघायला लावलं. आणि आता स्वतःच्याच छातीत गाठ ठेवून वरवर काम उरकायला निघाला होता, पकड बंद न करता.

त्याने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. सोमवारचं रद्द करा, दुसरं करायचं, गाठीसकट. नागपंचमी झाल्यावर जी पहिली तारीख मिळेल ती. पलीकडची मुलगी विचारत होती, नक्की ना सर, कारण या आधी तुम्ही पहिलंच म्हणाला होतात. नक्की, सुहास म्हणाला.

मग फोन खिशात ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण दुसरंही एक ठरवून बसलो आहोत. वस्तादकी सोडायची नव्हती. म्हणजे नागपंचमीला, क्षीरसागरामागच्या सगळ्या मराठी वस्तीसमोर, जे आहे ते तसंच घेऊन वर जायचं होतं.

गोपाळकाकांना त्याने सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच शब्दांत सांगितलं, आणि काकांनी ते पावसापाण्याची गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. मग म्हणाले, बनियन घालून चढ हवं तर, मी आहे तोवर कोण बोलतं बघतो.

“बनियन घसरते काका.”

“थोडी घसरू दे.”

“मुलांना मी बनियन घालू देत नाही,” सुहास म्हणाला.

काका सावरून बसले. मग त्यांनी पानदान पुढे सरकवलं. ते आजवर त्यांनी बरोबरीच्या माणसाशिवाय कुणापुढे सरकवलं नव्हतं.

प्रतिभाला त्याने रात्रीच्या जेवणात सांगितलं. ती आमटी वाढत होती, ती वाढत राहिली. वाटी भरून ताटात सांडली तेव्हा थांबली. “बरं झालं,” एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तो सदरा बदलताना तिने दुसरीकडे बघणं सोडलं. नोटीस दिली होती की नाही, ते सुहासला आठवेना.

नागपंचमीला पहाटेपासून गावात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षातून एकदाच उघडणाऱ्या नागचंद्रेश्वराच्या दर्शनाला लोक आदल्या दिवसापासून रांगेत होते, आणि त्या रांगेतून निसटलेले, कंटाळलेले, चुकलेले असे बरेच लोक व्यायामशाळेच्या अंगणात येऊन उभे राहिले होते. सुहासला वाटलं होतं त्याहून गर्दी दुप्पट होती, आणि अंतर निम्मं. पुढची मुलं तर खांबाला हात लागेल एवढ्या जवळ बसली होती. लांबून बघण्याची सोय कुणालाच नव्हती.

खांबाला हळदकुंकू लागलं, लाह्या वाहून झाल्या. गोपाळकाकांनी एरंडेलाचा शेवटचा हात फिरवला आणि बाजूला झाले.

सुहासने सदरा काढला. त्या दिवशी निळ्यावर हत्ती होते. घडी घातली, कट्ट्यावर ठेवली. मग बनियन काढली. खाली लंगोट कसलेला होताच.

लोकांच्या माना उंचावल्या. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी कोपर मारलं असावं, कारण ते हसणं मध्येच तुटलं. ऑफिसातले अपूर्वे साहेब तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी नजर खाली घातली. हर्षलच्या हातात मोबाइल होता. सुहासची कानशिलं तापली, आणि त्याला तेरा-चौदा वर्षांचा असताना वाटलं होतं अगदी तसंच वाटलं. फरक एवढाच होता की त्या मुलाला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. याला माहीत होतं. उजवा हात वर, डावा खाली, उडी, आणि पकड.

त्याने उडी घेतली आणि छाती खांबावर आदळली. गाठीतून कळ गेली. दुपारच्या कडीबंद सरावात ती रोजच जायची, तिची ओळख होती. त्याने श्वास सोडला. पाय आवळले, घोटे बंद झाले, आणि वेल चढते तसा तो खांबाला वळसे घालत वर गेला. खालच्यांना आधी वाटलं हा घाई करील, उरकून उतरेल. तो उरकत नव्हता. प्रत्येक पकड बंद करून, क्षणभर थांबून, मगच सोडत होता, खाली मुलांना मोजून दाखवावी तशी. टोकावर पोचल्यावर तो तिथल्या गोल बोंडावर पोटाने तोलला, हात-पाय सोडले, पाण्यावर पडल्यासारखा आडवा राहिला. मग उलटा झाला, मांड्यांत लाकूड धरलं, दोन्ही हात सोडले आणि छाती पुढे काढली. चाळिशीला आलेला, वाढीव बिलांच्या तक्रारी घेणारा माणूस जमिनीपासून उंच उलटा लटकला होता, आणि जे आयुष्यभर लपवलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कुणी त्याकडे बघत होतं की नाही हे सांगता येणार नाही. बहुतेक जण त्याच्या घोट्यांकडे बघत होते, कारण ते हलत नव्हते.

शेवटी तो बोंडावर उभा राहिला आणि हात जोडले.

पहिल्या टाळ्या गोपाळकाकांच्या नव्हत्या, प्रतिभाच्याही नव्हत्या. अक्काच्या होत्या. ती बायकांत बसली होती आणि शेजारणीला मोठ्याने सांगत होती, “दूध-तुपाचं अंग आहे ते.”

सुहास उतरला तेव्हा छातीवर लाकडाचे लाल वळ उठले होते. हर्षल पुढे आला. मोबाइल त्याने खिशात टाकला होता. आज तो वाकला तेव्हा आजूबाजूला आरसा नव्हता, आणि उठायला त्याने वेळ घेतला. “दादा, तो घोटा मला पुन्हा दाखवा,” म्हणाला. सुहासने उद्या सकाळी सहाला ये म्हणून सांगितलं, आणि मोबाइल घरी ठेव म्हणून.

मग फोटोवाला आला. व्यायामशाळेत आजवरच्या वस्तादांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. सगळे उघड्या अंगाचे, लंगोट कसलेले, छातीवर हातांची घडी घातलेले. गोपाळकाकांच्या शेजारचा खिळा रिकामा होता.

प्रतिभाने सदरा आणून हातात धरला होता. ती हळूच म्हणाली, “फोटो पुढे काढू या का? पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मग दोन-तीन महिन्यांनी अगदी हवा तसा येईल. भिंतीवर कायमचा राहायचाय तो.”

“वस्ताद आज झालो,” सुहास म्हणाला.

त्याला खांबाशेजारी उभं केलं. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. तो समजूतदार माणूस होता, आणि भिंतीवरचे फोटो त्याने बघून ठेवले होते.

“दादा, हातांची घडी घाला ना. सगळ्यांची आहे. छान दिसते, और सब ढक भी जाता है.”

सुहासने उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे पाहिलं. मग हात दोन्ही बाजूंना सरळ सोडले, बोटं मांडीला लावली, आणि मुलांना फोटोसाठी उभं करताना सांगायचा तशी हनुवटी जरा वर घेतली.

“काढ,” तो म्हणाला.